वस्तऱ्याला टिचकी

नातीला जुन्या वस्तूंचा नाद. काल तिनं मोबाईलवर मागवलेला वस्तरा उघडला, खोबरेल तेलाचा वास आला, आणि मी पुन्हा भोंगवलीतली नवी सून झाले.

आमचा धंदा दाढीचा. यांचा पडून हात मोडला, आणि हातातला वस्तराही तुटला. गिऱ्हाइकं दुसरीकडं वळायच्या आत मीच दाढ्या करणार, असं मी जाहीर केलं आणि सारोळ्याच्या बाजारातून जुना वस्तरा घेऊन आले. निवडला कसा? पात्यात माझं कुंकू लख्ख दिसलं म्हणून! असली मी शहाणी.

मामंजींनी पात्याला नखानं टिचकी मारली. फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज आला.

"तडा गेलाय. बायकांनी ह्या नादाला लागायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी पदर खोचून मी पुन्हा सारोळ्यात. विकणाऱ्याच्या फडक्यावरचा एकेक वस्तरा कानाशी धरून टिचक्या मारत बसले. लोक जमले.

"वैनी, वस्तरा घेताय का घुंगरू?" तो हसला.

"तुमचं तोंडच लई वाजतंय, पातं न्हाई."

शेवटी एक खणखणीत वाजला. अंगावर गंज होता, पण धार शाबूत होती. गंज घासून जातो, तडा नाही.

घरी दगडावर घासून, तेल लावून मी तो मामंजींपुढं धरला.

"पहिली दाढी तुमची. मान वर करा."

डोळे घट्ट मिटून का होईना, केली त्यांनी मान वर.