एका घरात एकाच नावाच्या दोघी

माझं जन्मनाव लग्नाच्या दिवशीच गेलं, कारण सासरी ते आधीच वापरात होतं. थोरल्या जाऊबाईंचं नाव तेच. एक हाक मारली की दोघी धावत येतील, असला घोळ घरात नको, असं सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी ठरवलेलं नाव नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलं. सगळ्यांनी पेढे खाल्ले. मला राग आला होता, पण नव्या नवरीच्या रागाला बऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यात कोण विचारतं! पुढे नव्या नावाला ओ द्यायला शिकले. शाळेत नोकरी लागली तेव्हा पोरांच्या तोंडी ते नावही राहिलं नाही, मी नुसती गणिताची मॅडम झाले.

मुलगी शिकायला इंदूरला गेली आणि माझ्या सुट्टीच्या दुपारी रिकाम्या झाल्या. तेव्हा मी पहिली कथा लिहिली आणि जळगावच्या एका दिवाळी अंकाला पाठवली. घरात कोणाला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून टोपणनाव हवं होतं. शोधायला कशाला जायचं, माझं पहिलं नाव पडूनच होतं की! ते लिहिलं, आणि हाताच्या सवयीने पुढे सासरचं आडनाव लिहिलं. गणित शिकवणाऱ्या बाईला एवढी साधी बेरीज दिसली नाही. माझं जुनं नाव अधिक या घरचं आडनाव म्हणजे साक्षात जाऊबाई!

समोरची शेजारीण अंक नाचवत स्वयंपाकघरात आली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"भाभी, तुम्ही तर छुपे रुस्तम निघाल्या! कथा लिहिता ते बोलल्या नाही कधी."

जाऊबाई भरताची वांगी भाजत होत्या. त्यांनी अंकातलं आपलं नाव पाहिलं, मग माझा पडलेला चेहरा पाहिला.

"अवं, लिहिलं असंच बसल्या बसल्या," त्या म्हणाल्या. "त्यात काय एवढं?"

शेजारीण गेल्यावर त्यांनी मला गाठलं. "तूच ना गं, मास्तरीण?"

"हो."

"मग इतकी घाबरून का राहिली? मी हाय ना."

आणि त्या खरंच होत्या. कथांमध्ये मी गल्लीतल्या माणसांना बिनधास्त ओढायचे. माझ्याशी कोणीही भांडलं असतं, पण जाऊबाईंशी भांडायची कोणाची टाप नव्हती. एका मामेसासऱ्यांनी स्वतःला कथेत बरोबर ओळखलं, तणतणत आले आणि मुकाट चहा पिऊन गेले. इकडे जाऊबाईंचा रुबाब वाढत गेला. शाहपूरला माहेरी निघाल्या की केळ्यांच्या वेफर्सबरोबर पिशवीत अंक असायचेच. लग्नकार्यात लोक त्यांना पुढची खुर्ची देऊ लागले. त्या गळ्यात चष्मा अडकवून बसायच्या, आणि त्या चष्म्यातून त्यांनी माझी एकही कथा वाचलेली नव्हती. मीच वाचून दाखवायचे, त्या पोळ्या लाटता लाटता ऐकायच्या.

"हा माणूस बायकोला सॉरी बिलकुल नाही म्हणणार," त्या मधेच म्हणायच्या. "उद्या गुपचूप तिच्या आवडीची भाजी घेऊन येईल, बस."

मी माझं माफीचं वाक्य खोडायचे आणि कथा सुधारायचे. मजेत चाललं होतं आमचं.

यंदा पुण्याच्या एका प्रकाशकांनी या कथांचं पुस्तक करायचं ठरवलं आणि त्यांच्याकडच्या एका मुलीचा फोन आला. वाचक हल्ली आधी लेखिका बघतात, मग पुस्तक. तेव्हा फोटो हवेत, व्हिडिओ हवा, स्वतःचं पेज हवं.

"मॅम, तुमचा ब्रँड काय?"

"ब्रँड आमच्या दुकानातल्या साड्यांना असतो," मी म्हटलं. ती हसली नाही. फोन स्पीकरवर होता आणि शेजारी जाऊबाई लसूण सोलत होत्या. त्यांचे हात थांबले.

त्या दिवसापासून जाऊबाईंचा चष्मा खुंटीला टांगलेला. मला काय हवं होतं ते सरळ सांगते. मला ते नाव हवं होतं, माझ्याच चेहऱ्याखाली, सगळ्यांसमोर. पण तसं केलं की अख्खा इतवारा जाऊबाईंची टर उडवणार. माझ्या वाटची भांडणं जिने अंगावर घेतली, तिला तोंडघशी पाडून मिळालेलं नाव मला गोड लागलं नसतं. शेवटी मीच विषय काढला.

"मी दुसरं नाव घेते. ती मुलगी म्हणते, नुसतं बऱ्हाणपूरकर लावलं तरी चालेल."

जाऊबाई भडकल्या. "बऱ्हाणपूरकर? इथं अख्खं गावच बऱ्हाणपूरचं हाय, त्यात तू कोणती ते कसं कळणार?" मग त्यांचा आवाज खाली आला. "एकदा माझ्यापायी गेलं तुझं नाव. अजून किती वेळा देशील?"

मला रडूच आलं. त्यांना रडारड खपत नाही, म्हणून घाईघाईने पदराने नाक पुसलं.

व्हिडिओच्या दिवशी त्यांनी मला स्वतःची जरीकाठाची साडी नेसवली आणि मोबाइल घेऊन गच्चीवर गेल्या, उजेड तिथे चांगला म्हणून. मी खाली केस विंचरत होते. समोरच्या गच्चीवर शेजारीण कपडे वाळत घालत होती. जाऊबाई मुद्दाम कठड्याशी आल्या आणि त्यांनी खणखणीत आवाजात मला हाक मारली, माझ्या पहिल्या नावाने. या घरात त्या नावाने मला कोणी कधीच बोलावलं नव्हतं. "आले!" म्हणत मी जिना चढले.

"भाभी, स्वतःचंच नाव घेऊन कोणाला बोलावून राहिल्या?" शेजारणीने विचारलं.

"हिला. कथा हिच्या हायेत. हीच लिहिते पहिल्यापासून."

शेजारीण हातात ओला टॉवेल घेऊन आम्हा दोघींकडे बघत राहिली. "मग आता भांडायला कोणाकडे यायचं?"

"माझ्याकडेच."

"आणि नाव?"

"दोघींचं हाय," जाऊबाई म्हणाल्या. "एक हाक मारली की दोघी येतील. येऊ दे की!"

शेजारीण खो खो हसली. जाऊबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, मोबाइल माझ्यावर रोखला आणि पुन्हा एकदा, या वेळी हळू, आमचं नाव घेतलं.