दादानं मागं घेतलेली नावं

वहिनीचा फोन आला तेव्हा मी इथं हैदराबादेत, चिक्कडपल्लीच्या बाजारात अंबाडीच्या जुड्या उलट्यापालट्या करून बघत होते. "वन्सं, हे गेले हो," एवढंच ती म्हणाली. भाजीवाली तेलुगूत विचारत राहिली, काय झालं अम्मा... आज दीड महिना झाला. रडू आता ओसरलंय. दादाबद्दल बोलायचं तर खरं सांगते, ऊर भरून येतो तो अभिमानानं.

माझा हा थोरला भाऊ सिकंदराबादला रेल्वेच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होता. पुलांचे, फलाटांचे नकाशे काढण्यात सगळी नोकरी गेली. निवृत्त झाला आणि माश्यांच्या नादी लागला! घरात घोंगावतात त्या नव्हेत, हॉवरफ्लाय म्हणतात त्या. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या, हवेत एका जागी टांगल्यासारख्या थांबणाऱ्या, मधमाशी समजून आपण ज्यांना घाबरतो त्या. बिचाऱ्या डंखसुद्धा मारत नाहीत. देशभरातले लोक त्यांचे फोटो एका संकेतस्थळावर टाकायचे, आणि काचीगुड्याच्या घरात बसून दादा त्यांची नावं सांगायचा. पंखांतल्या शिरा, डोळ्यांमधलं अंतर, पायांचा रंग... स्क्रीनला नाक लावून बसलेला असायचा. "दादा, जेवायचंय का? हौ की नक्को, एकदाचं सांग!" त्याच्याकडे गेले की मी ओरडायचे. "थांब गं, हिचा चेहराच दिसत नाहीये," तो म्हणायचा. वहिनी म्हणायची, मला बघायला आले तेव्हा एवढं निरखलं नव्हतं!

बघता बघता तिथं त्याचा शब्द अखेरचा झाला. दादानं नाव दिलं की बाकीचे माना डोलवायचे, आणि तेच नाव आपापल्या फोटोंना लावायचे.

गेल्या हिवाळ्यात आसामातल्या एका विद्यार्थिनीनं त्याला लिहिलं, सर, तुम्ही एकाच नावाखाली घालता त्या दोन वेगळ्या जाती आहेत. एकीच्या मागच्या पायावर काळा पट्टा असतो, दुसरीच्या नसतो. दादाचा पारा चढला. "काल आलेली पोर मला शिकवणार!" दोन दिवस धड जेवला नाही, जुने फोटो पुन्हा पुन्हा मोठे करून बघत बसला. तिसऱ्या दिवशी सकाळीच मला फोन. "सुमे, पोरगी बरोबर आहे. तीन वर्षं मी चुकीचं नाव देतोय."

त्याच सुमारास त्याच्या हृदयानं हात टेकले होते. फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि हा म्हणतो, ते सगळे फोटो पुन्हा बघायचे, चुकलेलं एकेक नाव मागं घ्यायचं, ज्याचा फोटो त्याला कळवायचं. शेकड्यांनी फोटो! "कायकू जिवाला त्रास? कोण बघतंय?" मी चिडलेच. "माझ्यावर विसंबून लोकांनी तेच नाव पुढं नेलंय, सुमे. मी गेल्यावर ते कोण खोडणार?"

मग रोज सकाळी मीच जाऊन बसायला लागले. तो उशीला टेकून, मी त्याच्या खुर्चीत, संगणकापुढे. फोटो मोठा करायचा, मागचा पाय शोधायचा. "पट्टा आहे?" "आहे." "नीट बघ, सावली असेल." आणि मेली सावलीच निघायची! पाय दिसतच नसला तर 'सांगता येत नाही' असं लिहायला लावायचा. चुकलेल्या प्रत्येक फोटोखाली एकच वाक्य, 'माझं चुकलं होतं, दुरुस्त करतोय.' ते टाइप करताना मान माझी खाली जायची, त्याची नाही. दम लागला की थांबायचा, पाणी प्यायचा, म्हणायचा, पुढचा काढ. शेवटचा फोटो झाला तेव्हा त्यानं आसामच्या मुलीला आभाराचं पत्र सांगितलं आणि वहिनीकडे चहा मागितला. त्यानंतर चारच दिवसांनी तो गेला.

परवा वहिनीकडे गेले तर संगणक चालू होता. संकेतस्थळावर लोकांनी दादासाठी एक पान उघडलंय. आमचे सर कधीच चुकले नाहीत, असं कुणीतरी लिहिलं होतं, आणि खाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची ही लांब रांग. वहिनी डोळे पुसत म्हणाली, "बघा वन्सं, केवढा मान!" माझं मात्र टाळकं फिरलं. सरळ त्याच्या खुर्चीत बसले आणि त्या रांगेखाली लिहिलं, "सर चुकले होते. शेकडो वेळा. त्यातली एकेक चूक त्यांनी स्वतः शोधून कबूल केली. टाइप करायला मी होते. त्यांची बहीण."