पंचविसावा पैसा

काष्टीपासून तासाभराच्या चालीवर असलेल्या एका गावात मी प्राथमिक शिक्षक होतो. सत्तर सालानंतरची ती तीन-चार वर्षं. पहिली-दुसरीचा वर्ग माझ्या पत्नीकडे होता. गावात तिला सगळे बाई म्हणत. चारचौघांत मीही तेच म्हणत असे, आणि इथेही तेच लिहितो. ती गेल्याला चार महिने झाले. लिहायला बसलो की मोठं काही आठवत नाही, हे असलं आठवतं.

मोजणी चिंचोक्यांवर आणि पैसे खऱ्या नाण्यांवर शिकवायचे, ही बाईंची पद्धत. त्यासाठी एका डब्यात त्या मोड साठवत. मुलांना डोळे मिटून नाणी ओळखायला लावत: चौकोनी पाच, सहा कोनांचे तीन, कडेला लाटा असलेले दोन.

शाळेत रुपयाचे शंभर पैसे. घरोघरी मात्र अजून आणेच चालत. आणा म्हणजे सहा पैसे आणि चार आणे म्हणजे पंचवीस. हे दोन्ही हिशेब लोकांच्या तोंडी सुखाने नांदत होते.

दुसरीत एक मुलगी होती. दिवाळीनंतर तिला शाळेतून काढून शेरडांमागे लावायचं तिच्या वडिलांनी ठरवलं होतं. बाईंनी गळ घातली तेव्हा ते म्हणाले, "दुकानातनं नीट सौदा आनून दावू द्या. आनला तर शाळा, न्हाईतर शेरडं."

वडिलांनी तिला चार आण्यांची पावली देऊन वाण्याकडे पाठवलं. एकेक आण्याच्या चार पुड्या आणायच्या होत्या: हळद, जिरं, मोहरी, धने. मुलीने पुड्या घेतल्या, पण हात पुढेच धरून ठेवला. एक पैसा माघारी पाहिजे म्हणाली. दुकानापुढे बसलेली माणसं हसली.

"चार आन्याच्या चार पुड्या, पोरी. माघारी कसला पैसा?" वाणी म्हणाला. "बाईंनी हेच शिकिवलं व्हय?"

मुलगी हलेना. शेवटी वडिलांना बोलावून आणावं लागलं.

संध्याकाळी ते तिला घेऊन आमच्या ओट्यावर आले. पुड्या हातातच होत्या. "तुमच्यापायी माजं हसं झालं, बाई. शाळंत जायच्या आदी हिला चार आनं कळत हुतं."

बाईंनी डबा आणला. "एका पुडीचे किती, दादा?"

"आना."

"म्हणजे पैसे किती?"

"सा."

पावलीची मोड बाईंनी त्यांच्यापुढे ठेवली: पाच पैशांची चार नाणी, एक पैशाची पाच. "आता तुम्हीच द्या एकेका पुडीचे."

त्यांनी चारही पुड्या मांडल्या आणि प्रत्येकीशेजारी एक पाच आणि एक पैसा ठेवला. हातात एक पैसा उरला. सगळं उचलून त्यांनी पुन्हा मांडलं. पुन्हा उरला.

"आन् मी इतकी वर्सं..." एवढंच ते म्हणाले.

"बापू, मी त्येच सांगत हुते," मुलगी म्हणाली.

"गप."

तो पैसा मुठीत धरून ते निघून गेले. शाळेचं ते बोलले नाहीत आणि बाईंनीही विचारलं नाही. डब्याला झाकण लावताना त्या मला म्हणाल्या, "मुलीसमोर मांडायला लावायला नको होतं. आता काढतीलच."

सकाळी प्रार्थनेला मुलगी नव्हती. हजेरी झाल्यावर आली, दप्तर काखेत. सरळ बाईंच्या टेबलाशी गेली आणि तिने मूठ उघडली.

"बापू म्हनला, वान्याकडनं आपला पैसा आनला. ह्यो बाईंचा हाय, माघारी दिऊन बस."

बाईंनी पैसा डब्यात टाकला आणि हजेरीतली फुली खोडली.

पुढे वाणी चार पुड्या घेणाऱ्याला पैशाऐवजी चिमूटभर फुटाणे देऊ लागला. लोक घेत. ती मुलगी मात्र पैसाच मागे, चौथी पास होईपर्यंत. त्यानंतर आमची बदली झाली.