बिल्ला खुंटीला होता

सालेकशाकडच्या आमच्या गावात कुठं बारसं असलं की दुधराम दारातच उभा राहतो. कुणाचं लेकरू त्यानं आजवर मांडीवर घेतलं नाही. स्वतःची लेक आचलसुद्धा नाही.

बावीस वर्षांमागं तो ठेकेदारासोबत दूरच्या एका अणुवीज कारखान्यात मजुरीला गेला होता. तिथं पाइप फुटला, किरणांचं पाणी फरशीवर पसरलं. ते चिंध्यांनी पुसून डब्यात पिळायचं काम या मजुरांकडं आलं. अंगाला किती किरणं लागली ते मोजणारा बिल्ला प्रत्येकाच्या छातीवर असे. बिल्ला भरला की काम बंद, माणूस घरी. म्हणून आपली पोरं बिल्ला खुंटीला टांगून आत शिरत. दुधरामही शिरला. हजेरी चालू राहिली, बिल्ला कोरा राहिला.

तो परतला आणि पुढच्या वर्षी आचल झाली. त्याच्या अंगातला थकवा मात्र गेला नाही. डॉक्टर बिल्ल्याच्या नोंदीचा कारखान्याचा कागद बघायचे, त्यावर शून्य असायचं. मग ताकदीच्या गोळ्या लिहून द्यायचे.

यंदा चैतात आचलसाठी कुडव्याहून सोयरीक आली. मुलाचा बाप लीलाधर, सायकलदुकानवाला, दोन पाहुणे घेऊन घरी आला. पोरगी अणूवाल्याची आहे, असं कुणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं. चहा झाल्यावर त्यानं आढेवेढे घेत कारखान्याचा कागद मागितला. दुधरामची बायको शामकला वाटच बघत असल्यासारखी उठली आणि पेटीतला कागद त्याच्या हाती दिला.

"शून्य आहे ना बापा," लीलाधर म्हणाला. "मंग लोक कायले बोंबलून राहिले?"

"माह्या शुगरचा रिपोट असा कई येत नाई," एक पाहुणा म्हणाला. सगळे हसले. शामकला कुंकू आणायला वळली.

"तो कागद माहा नोहे," दुधराम म्हणाला. "खुंटीचा होय."

मग त्यानं बिल्ल्याची गोष्ट सांगितली. मान वर न करता, पण सगळी.

"मंग दाखवला कायले?" लीलाधरनं विचारलं.

"तुमी मांगतला म्हनून."

घरी विचार करून कळवतो म्हणत पाहुणे उठले. गाडीचा आवाज दूर गेल्यावर शामकला बोलायची थांबेना. इतकी वर्षं तोंड शिवून बसले आणि आजच जीभ सुटली, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. दुधराम ऐकून घेत होता.

आचल आतून आली.

"त्याइले सांगतलं. मले काऊन नाई सांगतलं, बाबा?"

"तू भेशील म्हनून."

"मंग आता का मी हासून राहिली?"

ती त्याच्यासमोर भुईवर बसली. किती दिवस बिल्ला नव्हता, विचारलं. अकरा, तो म्हणाला. डॉक्टरला हे कधी सांगितलं होतं का? त्यानं मान हलवली, नाही.

"उद्या दवाखान्यात चाला. तिथं बी असंच सांगाचं."

"मी जातो ना. तू नोको येऊ."

"येईनच," आचल म्हणाली. "मले बी तपासाचं आहे."