सगळ्यांचं अंगण

बेलवलीच्या पुढे, आमच्या गावाच्या खळ्याच्या जागेवर कलासंग्रहालय उभं राहिलं, तेव्हा सासूबाईंना सगळ्यात आधी खटकलं ते प्लास्टर. एवढी मोठी इमारत आणि भिंतींना गिलावा नाही, म्हणजे बांधणाऱ्याचे पैसे संपले असणार. उद्घाटनाला आर्किटेक्टने सांगितलं की भिंती मुद्दामच तशा ठेवल्यात, आणि समोरचं काळ्या दगडाचं अंगणही मुद्दाम बिनकुंपणाचं. हे अंगण सगळ्यांचं आहे, असं ते माइकवर म्हणाले. भिंतींचं सासूबाईंना पटलं नाही. अंगणाचं पटलं.

तिथेच मला नोकरी लागली, दालनात उभं राहून चित्रांवर लक्ष ठेवायची. सासरे तयार नव्हते. सासूबाईंनी त्यांच्याशी दोन दिवस अबोला धरला आणि मला होकार मिळवून दिला. अर्जावर पत्ता मात्र मी माहेरचा, विठ्ठलवाडीचा दिला. गावातल्या बायका हळदी-लग्नांना सारख्या सुट्ट्या घेतात म्हणून त्यांना कामावर घेत नाहीत, असं कानावर आलं होतं. घरापासून चार मिनिटांवर काम करायचे आणि रोज लांबून आल्यासारखं दाखवायचे.

आत बसायला स्टूल नाही. खिडकी एकही उघडत नाही. दार कार्डाने उघडतं आणि माझं कार्ड जेवणाच्या सुट्टीशिवाय चालत नव्हतं. येणारे जाणारे म्हणायचे, किती प्रशस्त आहे हो. माझा तिथे जीव गुदमरायचा. भिंतभर काचेतून अंगण दिसायचं आणि त्याच्या पलीकडे आमचं छप्पर.

एप्रिलमध्ये एक दिवस त्या काचेतून मला सासूबाई दिसल्या. जुनं लुगडं अंथरून तांदळाचे पापड वाळत घालत होत्या, अगदी मन लावून. दगड चांगला तापतो हे त्यांनी हेरलं होतं. सकाळीच मी त्यांना नको म्हटलं होतं. त्यावर त्या म्हणाल्या होत्या, “सायबानं सांगला ना, अंगण सगल्यांचा हाय.”

आमचे सुपरवायझर उल्हासनगरच्या कॅम्प पाचचे सिंधी, मराठी जेमतेम. माणूस वाईट नाही, पण त्या दिवशी बाहेरचे पाहुणे यायचे होते. ती म्हातारी वॉचमनचं ऐकत नाही, मराठीत तुम्ही समजवा, असं ते मला म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या कार्डाने दार उघडून दिलं.

या माझ्या सासूबाई आहेत, एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं तर पत्त्याचं खोटं उघडं पडलं असतं आणि नोकरी गेली असती. मी चालत राहिले. लाज वाटत होती, तरी चालत राहिले. सुपरवायझर मागेच होते.

“मावशी, इथे वाळवण घालायला परवानगी नाही,” मी म्हणाले.

सासूबाईंनी वर पाहिलं. आधी माझ्याकडे, मग माझ्या मागच्या माणसाकडे. त्यांना कळलं.

“चुकला माझा, मॅडम,” त्या म्हणाल्या.

ओले पापड त्यांनी तसेच लुगड्यात गुंडाळले. ते एकमेकांना चिकटले. त्यांचे गुडघे दुखतात, उठताना मी नेहमी हात देते. त्या दिवशी त्या दगडावर हात टेकून उठल्या आणि मी बघत उभी राहिले.

संध्याकाळी मी माफी मागायला चुलीपाशी गेले, तर त्यांनी विषयच काढू दिला नाही, ताट वाढलं. दोन शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरने खूश होऊन मला दालनातून काढलं आणि कायमची अंगणात ड्युटी दिली. तुमचं ऐकतात त्या बायका, म्हणाले. आता दिवसभर उघड्यावर असते, वारा लागतो, तरी काचेआडच मी बरी होते असं वाटतं. गल्लीतली कुणी चुलतसासू, कुणी जाऊ सूप घेऊन आली की तिला मी मावशी म्हणून परत पाठवते. कुणी वाद घालत नाही. मान खाली घालून ‘हो मॅडम’ म्हणतात आणि जातात. सासूबाईंनी सगळ्यांना तसं बजावून ठेवलंय.