भोंग्याचा नेफेश

घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारणाऱ्या माणसाला सगळे भोंगा म्हणत. खऱ्या नावाने हाक मारली तर तो वळूनही पाहत नसे. रिकामा क्रेट उपडा घालून तो त्यावर उभा राहिला आणि बोली पुकारू लागला, की पार दुसऱ्या टोकाला कांदे निवडणाऱ्या बायकांनाही भाव कळे. रविवारी तोच आवाज चर्चमध्ये स्तोत्र वाची. पाळक म्हातारे होते, जवळजवळ बहिरे. ते म्हणत, "अख्ख्या मंडळीत मला हा एकटाच ऐकू येतो. बाकीचे नुसते ओठ हलवतात."

पन्नाशी उलटली आणि त्याचा आवाज बसला. गुळण्या झाल्या, काढे झाले. शेवटी डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं, तर गाठ निघाली. ते म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. श्वासासाठी मानेला खालच्या बाजूला भोक राहील. खाणंपिणं तोंडानेच होईल. बोलणं मात्र गेलं. ऑपरेशन केलं तर माणूस वाचेल.

घरी येऊन भोंगा म्हणाला, "नाही करायचं." बायको शिवणयंत्रावर बसली होती. "शरीर म्हणजे काय, खोकं," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "आतला जीव देवाचा. खोकं फोडून ठेवण्यापेक्षा माल वेळेवर पोचलेला बरा."

"आणि ज्या बाईने खोक्याशी लग्न केलं, तिचं काय?" बायकोने विचारलं.

तिने यंत्रावर कापड टाकलं आणि तडक पाळकांकडे गेली. त्यांना सगळं ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे भोंग्याचं दुखणं त्याच संध्याकाळी सगळ्या गल्लीला कळलं.

दुसऱ्या दिवशी पाळक घरी आले.

"जीव वेगळा, शरीर वेगळं, हे तुला सांगितलं कुणी?"

"तुम्हीच. दर अंत्यविधीला सांगता."

भोंग्याचा आवाज आता त्यांनाही पोचत नव्हता. बायकोने ते वाक्य मोठ्याने परत सांगितलं. पाळक जरा ओशाळले. "सांगतो खरं. माणसं रडत असतात, तेव्हा सोपं सांगावं लागतं. पण आपल्या बायबलात जिथे 'जीव' छापलंय, तिथे हिब्रूत बहुतेक ठिकाणी 'नेफेश' आहे. आणि नेफेश म्हणजे मुळात गळा. घास जातो, श्वास जातो, तहान लागते, ती जागा. स्तोत्रातला बुडणारा माणूस म्हणतो, पाणी नेफेशापर्यंत आलं. आता सांग, ते गळ्याशी आलं की जिवाशी?"

"एकच की. जीव कंठाशी आला, असं म्हणतोच ना आपण."

"तेच तर! देवाने मातीच्या माणसात श्वास फुंकला, तेव्हा माणसाला नेफेश मिळाला असं लिहिलेलं नाही. माणूस नेफेश झाला, असं लिहिलंय. खोकं आणि माल अशी वाटणीच नाही तिथे. भुकेला, तहानेला अख्खा माणूस म्हणजे नेफेश, आणि देवाचं बोलणं असतं ते त्या अख्ख्या माणसाशी."

"मग झालंच की! गळा म्हणजेच जीव, आणि तुम्ही तोच कापायला सांगताय."

बायकोने हेही ओरडून सांगितलं. पाळकांनी आपली खुर्ची त्याच्याजवळ ओढली. मग म्हणाले, "त्या गळ्यात आवाजापेक्षा तहान मोठी आहे. घ्यायचा गळा आहे तो. आजवर तू देवाला ऐकवत आलास. तहान लागणं तुझं राहिलंय, आणि ते डॉक्टर काढून घेत नाहीयेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंग्याने दाढी केली. मानेवरून बराच वेळ हात फिरवला आणि बायकोला म्हणाला, "पिशवी भर."

ऑपरेशननंतर कितीतरी दिवस नाकातल्या नळीतून अन्न जात होतं. तोंड सुकून जीभ टाळूला चिकटे. मग एके दुपारी नर्सने चमच्याने पाणी दिलं. त्याने ते गिळलं. दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्याने पुन्हा तोंड उघडलं. "पिलासारखा आ वासला हो," बायकोने पाळकांना सांगितलं. त्यांना ते पहिल्याच खेपेला ऐकू आलं असावं, कारण त्यांनी परत विचारलं नाही.

बाजारात लिलाव दुसराच माणूस पुकारू लागला. भोंगा मालाची प्रत ठरवून क्रेटवर खडूने पहिला भाव लिहू लागला. काही महिन्यांनी त्याला हनुवटीखाली धरायचं बॅटरीचं यंत्र मिळालं. ओठ हलवले की त्यातून घरघरणारे शब्द निघत. बाजाराने लगेच नवं नाव ठेवलं, मिक्सर. चर्चमध्ये वाचायचा आग्रह झाला, पण तो म्हणाला, "हा आवाज वांग्यांपुरता ठीक आहे." तो इतरांसारखा बाकावर बसून ऐके. मानेच्या भोकावर बायकोने शिवलेली पातळ कापडाची पट्टी असे, ती श्वासागणिक हले. पाळकांचं अंत्यविधीचं भाषण मात्र तेव्हापासून लांबलं, आणि लोक त्याबद्दल कुरकुर करत.

तो पुढे बरीच वर्षं जगला. घरातली भांडणंही पूर्वीसारखीच चालत. हरायची वेळ आली की तो यंत्राचं बटण बंद करून जोरजोरात ओठ हलवी, आणि बायको म्हणे, "हे बरं आहे तुमचं! आता मी उत्तर तरी कशाला देऊ?"