पूर्ण समाधानी

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि त्यासाठी सर्वांत जास्त ऋणी आहे तो संख्याशास्त्राच्या सरांचा. ते तासिका तत्त्वावर होते, बांद्याहून एसटीने यायचे. माझी आई बाजारात मासे विकते हे त्यांना माहीत होतं. 'प्रमाण विचलन' माझ्या डोक्यात शिरेना तेव्हा म्हणाले, "आवस मासे इकता मां तुझी? मगे दोन वाटे लाव. दोनांतय पाच-पाच बांगडे, वजन सारख्याच. एकात सगळे सारखे, दुसऱ्यात दोन दांडगे नि तीन बारके. आता सांग, फरक खंय आसा?" मला तिथल्या तिथे कळलं: सरासरी तीच, पसरण वेगळी.

दुसऱ्या वर्षी सरांचे निम्मे तास काढून त्या जागी ऑनलाइन तास आले. संगणक कक्षात पडद्यावर पुण्याचे प्राध्यापक दिसायचे; चित्र आधी, आवाज मागून. वीज गेली की शिकवणं तिकडे पुढे जायचं, आम्ही इथे काळ्या पडद्यासमोर. शंका ईमेलने पाठवायची. काय कळलं नाही हेच मला कळत नव्हतं, तर पाठवू काय? सर चेहरा बघून विचारायचे, "खंय अडाकलंस रे?"

प्रत्येक ऑनलाइन तासानंतर कागदी फॉर्म असायचा; वर नाव लिहायचं, खाली प्रश्न: समाधानी आहात का? मी 'पूर्ण समाधानी'वर खूण करायचो. शेजारच्या मित्राने एकदा डोकावून पाहिलं.

"मेल्या, तुका कायतरी कळला?"

"नाय."

"मगे समाधानी कसलो?"

"इतक्या लांबसून शिकवतत ते. वायट कसा म्हणाचा?"

तो हसला आणि त्यानेही तिथेच खूण केली. दुसऱ्याकडे जेवताना मीठ कमी म्हणायचं नाही, अशा घरांत आम्ही वाढलो होतो.

दिवाळीनंतर सर आलेच नाहीत. कार्यालयात विचारलं. कारकून म्हणाले, "तुम्ही सगळे समाधानी आहात ना? मग त्यांचे तास कशाला ठेवायचे?" टेबलावर फॉर्मांचा गठ्ठा होता. सर्वांत वर माझं अक्षर.

परीक्षा जवळ आली तेव्हा मी सरांना पत्र पाठवलं:

"आदरणीय सर, सादर प्रणाम. तुमचे तास माझ्यामुळे गेले. प्रत्येक फॉर्मवर मी 'पूर्ण समाधानी' केलं, ते खोटं होतं. प्राचार्यांना तसं लेखी दिलं; म्हणाले, आता उशीर झाला. परीक्षा तीन आठवड्यांवर आहे आणि सहसंबंधापासून पुढचं एक अक्षर मला येत नाही. नापास झालो तर शिक्षण संपलं, मामाच्या होडीवर जावं लागेल. तुमच्याकडे काही मागायला मला तोंड नाही. तरी रविवारी सकाळच्या गाडीने बांद्याला येतो. दारातूनच परत पाठवलंत तरी चालेल, पण एकदा माझ्याकडे बघून सांगा, मी कुठे अडकलोय."